छबूमावशी चार बोटं खाली

छबूमावशींची हनुवटी कॅसेटवर टेकेना. छातीचा एक्स-रे काढताना पेशंटला स्टँडसमोर उभं करतात आणि हनुवटी कॅसेटच्या, म्हणजे फिल्मच्या पाटीच्या, वरच्या कडेवर ठेवतात. मावशी दरवर्षी अंजनगाव सुर्जीहून राजापेठेतल्या आमच्या दवाखान्यात यायच्या. उंची माझ्याएवढीच. स्टँड मी माझ्या हनुवटीला लावून मोकळा व्हायचो. त्या दिवशी चार बोटं खाली घ्यावं लागलं.

"मावशी, नीट उभ्या राहा ना."

"नीटच उभी हाओ, भाऊ. तुयी मशीनच वर गेली. घरीबी तेच. पोरानं बुद्धाच्या फोटोचा खिळा वर ठोकला, हारच पोचत नाही. आता स्टुलावर चढतो."

मी हसलो. मग हसू गेलं. मशीनही वर गेली, खिळाही वर गेला, असं कसं होईल?

मावशींनी एका वसतिगृहात तीस वर्षं पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, चुलीवर स्वयंपाक केला. विडीला कधी हात लावला नाही, पण धुरानं फुप्फुसं गेली. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसतात. यंदा दम फार वाढला होता.

मी डॉक्टर मॅडमकडे गेलो. "मॅडम, एक साइड व्ह्यू घेऊ?"

"मी समोरचाच लिहिलाय. फुप्फुसं बघायची आहेत."

"मावशी बुटक्या झाल्यात."

मॅडमनी मान वर केली. "घ्या."

मणके बाजूनं चौकोनी दिसतात, रचलेल्या विटांसारखे. मावशींच्या तीन विटा पुढून चेपल्या होत्या. त्यांच्या पिशवीत जुन्या फिल्म होत्या, पाच वर्षांपूर्वीचा साइड व्ह्यूही निघाला. त्यात त्याच तिन्ही सरळ. दोन्ही शेजारी लावल्या. तीन मणके मोडले, आणि ही बाई एसटीत उभ्यानं आली होती. सव्वीस वर्षं हे काम केलं, असा काटा अंगावर कधी आला नव्हता.

"पाठ दुखली नाही?" मॅडमनी विचारलं.

"दुखली ना. मले वाटलं खोकल्यानं दुखून राहिली."

खोकल्यानंच मोडले असतील. हाड पोकळ झालं की तेवढंही पुरतं.

मग मावशींनी कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. स्टेरॉइड. एकदा दम लागला तेव्हा पाच दिवसांसाठी लिहून दिलेलं. बरं वाटलं, म्हणून कितीतरी वर्षं मेडिकलातून परस्पर. ही गोळी दम उतरवते, पण सतत घेतली तर हाडं खाते. मणके चेपले की छातीतली जागा कमी, दम जास्त. मग पुन्हा गोळी.

"मावशी, स्टुलावरून पडलात तर खुबा मोडेल," मॅडम म्हणाल्या. "अंथरुणावर पडलात तर ही फुप्फुसं साथ देणार नाहीत. जीवावर बेतेल."

मावशी फिल्मकडे बघत होत्या. "मंग हार?" त्यांनी विचारलं.

गोळी एकदम बंद करता येत नाही. मॅडमनी हळूहळू उतरवली, इनहेलर नीट ओढायला शिकवला, हाडांचं औषध सुरू केलं. सहा महिन्यांनी मावशी आल्या. दम बराच बसला होता. गेलेली चार बोटं काही परत आली नव्हती, ती येतही नाहीत.

"स्टूल?" मी विचारलं.

"पोरगा अकोल्याले घेऊन गेला. खिळाबी खाली ठोकला."

"बुद्धाचा फोटो खाली आणला, वाईट नाही वाटलं?"

"कावून? तो त भुईवरच बसला होता."

छातीच्या फोटोत मणके आपोआप येतात, बघत कोणी नाही. मीही बघत नव्हतो. रिपोर्ट देणं आजही माझं काम नाही. पण जुन्या पेशंटसाठी स्टँड खाली घ्यावा लागला, की मी नुसता मॅडमच्या दारात जाऊन उभा राहतो. त्या म्हणतात, "घ्या."