क्लचमधली साखर

हो, चालला त्यांचा क्लच. का चालला ते मात्र मला विचारू नका. मो पा कोने, मला ठाऊक नाय!

पुतण्या सारखा विचारतो, म्हणून इथंच लिहिते. आज आमच्या ह्यांना जाऊन वर्ष झालं.

ह्या बेटावर, रिव्हिएर दू रांपार गावात आमचं गॅरेज होतं. सत्तरची सालं सरत आलेली.

लाकूप, म्हणजे ऊसतोड, सुरू झाली की मिलच्या फाटकाशी लॉऱ्यांची रांग.
एक पाऊल पुढं, थांब. परत एक पाऊल, थांब.
ड्रायव्हरचा पाय सारखा अर्ध्या क्लचवर. प्लेट घासून घासून तापायची, जळका वास पार माझ्या रांधणीत.

ह्यांनी ठरवलं, आपणच गार राहणारा क्लच डिझाइन करायचा. शाळा सहावीपर्यंत!

"इंजिनियर साहेब, जेवायला चला," मी चिडवायची.
"थांब गो. हवा कुठनं आत घ्यायची ते बघतोय."

लायनिंगला खाचा पाडल्या. कव्हरला भोकं पाडली, पंख्यासारखी पाती बसवली.

उष्णता मोजायला यंत्र कुठलं?
प्रेशर प्लेटच्या कडेला बारीक भोक, त्यात पाहुण्यांसाठी आणलेली पांढरी साखर, वर स्क्रू.
लॉरी रांगेतनं आली की खालचं झाकण काढून बघायचं. टॉर्च मी धरायची.
पांढरी राहिली तर पास. काळी झाली तर नापास.

दोनदा काळी.

तिसऱ्या वेळी म्हणाले, "आता काळी निघाली तर गॅरेज बंद. समुद्राकाठी माएबूर्गला जाऊन हॉटेलची व्हॅन चालवीन."
मला हसू आलं नाय. दोन दिवस माणूस धड जेवला नव्हता.

दुपारी लॉरी आली. "जरा निवू दे," म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मग उघडलं.

"आयो! बघ गो, नुसती तांबूस झालीय! पास!"

मला धरून अंगणात गरगर फिरवलं. शेजारीण कुंपणावरनं बघतेय, ह्यांना शुद्ध नाय.

पुढं पार पितों गावापर्यंतच्या लॉऱ्यांना तोच क्लच बसला. ऐंशीची सालं पण त्यातच गेली.
ड्रायव्हर केळ्यांचा घड आणून द्यायचे, "मिस्त्री, वास गेला बघा."

खरंच गेला होता? की त्यांनाही ह्यांचं मन मोडवत नव्हतं?
माझं डोकं अजून चालत नाय.

आणि हे! जन्म उसात गेलेला माणूस. चहात घरची तांबडी साखर घालताना मधेच थांबायचे. चमच्याकडं बघायचे, मग माझ्याकडं. आणि गालात हसायचे.
का हसता, ते मी कधी विचारलं नाय. भ्यायले.

बसा आता निवांत, इंजिनियर साहेब. तिकडं रांग नसेल.

आणि आवो, ऐका.
तिसऱ्या वेळी पण साखर काळीच होती. तुम्ही आंघोळीला गेलात, तेवढ्यात मी हेअरपिननं खरवडून काढली, आणि घरातली तांबडी भरली.