तुळशीच्या डब्यातली गोगलगाय

परळच्या एका प्रयोगशाळेत मी उंदीर फाडते. लग्न ठरताना सासरी ‘संशोधन करते’ एवढंच सांगितलं होतं, ते बरंच झालं. उंदरांच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत एक जंत राहतो, राखीच्या दोऱ्यासारखा लाल-पांढऱ्या पिळाचा. त्याची पिल्लं लेंडीतून बाहेर पडतात, गोगलगायीत वाढतात आणि तशी एखादी बारीक गोगलगाय न धुतलेल्या पाल्यातून चुकून माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूपर्यंत पोचतात. असं क्वचितच होतं, हे मी कामावर सगळ्यांना बिनधास्त सांगते.

श्रावणातल्या एका सकाळी आमच्या काळाचौकीच्या चाळीत, गॅलरीतल्या तुळशीच्या डब्यात मला बोटाच्या पेराएवढी गोगलगाय दिसली. शेजारी उंदराच्या लेंड्या. आणि सासूबाई रोजच्यासारखं पाणी घालून, पानं खुडून, एक माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडात घालत होत्या, एक स्वतःच्या.

“आई, धुऊन तरी द्या!”

“तुळशीक कसलो गो दोष? आमच्या गावाक कोण धुता?”

त्यानंतर काही दिवसांनी पोरीचं डोकं दुखायला लागलं. माझं धाबं दणाणलं. मान ताठरली तर मेंदूला सूज, म्हणून मी तिला हनुवटी छातीला लावायला सांगितली. लागली. थोड्या वेळाने पुन्हा. जेवताना पुन्हा. पोरगी वैतागली. नाक्यावरचे डॉक्टर म्हणाले, सर्दी आहे. नाक वाहत होतं, मलाही दिसत होतं; पण मन चिंती ते वैरी न चिंती. त्या संध्याकाळी मी सासूबाईंवर भडकले. उंदीर, जंत, मेंदू, सगळं ओकले.

सर्दी उतरली आणि पोरगी हुंदडत खाली खेळायला गेली. सुटले बाई एकदाची, म्हणत मी आत आले. सासूबाई ओट्याशी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मान खाली घालत होत्या, वर करत होत्या, परत खाली. मला बघून ओशाळल्या.

“माजी पण बघ गो,” त्या म्हणाल्या. “लागता काय?”

पान त्यांनीही खाल्लं होतं, आणि एवढ्या दिवसांत मी त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं. मानेचं दुखणं त्यांना जुनंच आहे, असं मी स्वतःला बजावलं. त्यांनी डोळे मिटून मान वाकवली. हनुवटी छातीपासून बोटभर वरच राहिली.