पिल्लांचं गूळपाणी

ती पिल्लं माझ्याच हाताने मेली, हे आधी सांगून टाकते. नंतर सांगायला जीभ रेटणार नाही.

नागभीडजवळच्या आमच्या गावात कोंबड्यांची शेड उभी केली ती एकाच हट्टाने. दरवर्षी हंगामात आम्ही नवराबायको तेलंगणात मिरची तोडायला जायचो आणि लेकीला माझ्या आईकडे ठेवायचो. परतलो की पोर चार दिवस माझ्याजवळ यायची नाही. ते मला पुन्हा नको होतं. कंपनी पिल्लं आणि खाद्य देणार, आम्ही वाढवायची, असं ठरलं.

आमच्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याला आधी गूळपाणी देतात. एका दिवसाच्या पिल्लांनाही पहिल्या दिवशी तेच, पण लहान भांड्यांतून, आणि दोन तासांत भांडी घासून टाकायची. मी शहाणी! एकही पिल्लू वंचित राहू नये म्हणून गूळ थेट शेडच्या पाण्याच्या टाकीत विरघळवला. तिथून तो नळ्यांतून शेडभर गेला. पाचव्या दिवसापासून पिल्लं पंख पाडून बसू लागली, पातळ हगू लागली आणि रोज सकाळी मेलेली उचलावी लागली.

टाकी भरायची ती गावच्या विहिरीतून, म्हणून मी विहिरीला दोष दिला. तिथे धुणं धुणाऱ्या बायांशी कडाकडा भांडले, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली. पिल्लांच्या दुसऱ्या खेपेलाही मायेने टाकी गोड केली, आणि पुन्हा तेच झालं.

"आता एकच डाव देतो, बाई. मंग बंद," कंपनीचा माणूस म्हणाला.

तेव्हा कुठे मी गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विहिरीचं आणि नळीच्या शेवटच्या टोकाचं, असं दोन बाटल्या पाणी तपासायला पाठवलं. कागद आल्यावर म्हणाले, "काऊन लोकायशी भांडून राह्यल्या, बाई? विहीर साफ हाये. गुळानं नळीत थर धरला, जंतू त्याच्यात वाढून राह्यले."

घरी येऊन नळीत बोट घातलं. बुळबुळीत लागलं, आंबूस वास आला. काखेत कळसा नि गावाला वळसा! स्वतःचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

तो नळ्यांवर काढला. सगळ्या उतरवल्या, काठीला फडकं बांधून आतून घासल्या, औषधाच्या पाण्याने भरून ठेवल्या, पुन्हा धुतल्या.

"काऊन जीव काढून राह्यली? मिरचीच्या मुकादमाले हो म्हनून टाकतो," नवरा म्हणाला.

"तिसरी खेप होऊ द्या," मी म्हटलं. मग विहिरीवर जाऊन बायांसमोर चूक कबूल केली. नळ्या घासण्यापेक्षा ते जड गेलं.

तिसऱ्या खेपेला गूळपाणी भांड्यांतच दिलं. पाचव्या दिवशी टोकाचं बूच काढून नळीत बोट फिरवलं. बुळबुळ नव्हती. पिल्लं पंख पाडून बसली नव्हती, धावत पायांत येत होती. तेवढ्यात मुकादमाचा फोन आला. "सोमवारी गाडी निघून राह्यली, बाई. दोघायची नावं लिहून ठेवली हायेत."

"खोडून टाका, भाऊ," मी म्हटलं.