सोळा मीटरवरची खरखर

मी लग्न होऊन टेमघरला आले त्या हिवाळ्यात सासऱ्यांचा रेडिओ मुका झाला. तशी मुंबई झकास लागायची, पण सासऱ्यांना मुंबई नको होती. मोठे दीर परदेशी जहाजावर खलाशी होते. एका लांबच्या देशाचं हिंदी स्टेशन शुक्रवारी दुपारी रेडिओच्या सोळा मीटर पट्ट्यावर गाणी लावायचं आणि फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचायचं. त्यात दीरांचं नाव आलं की पोरगा जिवंत आहे, असं घर धरून चालायचं. शुक्रवारी गावातल्या कापडाच्या लूमला सुट्टी, मागांचा खडखडाट बंद; सगळी आळी आमच्या ओटीवर जमायची.

मी आले आणि सोळा मीटरवर नुसती खरखर. सासऱ्यांनी एरिअलची तार बदलली. सासूबाईंनी मीठ-मोहरीनं रेडिओची दृष्ट काढली. तरी आवाज नाही म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"ही आली तवापासून डबडं बोलत न्हाय," सासरे म्हणाले.

तेव्हापासून काटा फिरवायची वेळ झाली की मला अंगणात उभं करायचे. नवरा आत तार धरून बसायचा, माझ्याकडं न बघता. असला नेभळट माणूस मी पुन्हा पाहिला नाही. शेवटी निकाल लागला : स्टेशन लागेपर्यंत मी माहेरी राहायचं.

माझ्या बाबांचं पडघ्याला हायवेवर चहाचं दुकान होतं. तिथं एका संध्याकाळी ट्रकवाल्याच्या ट्रान्झिस्टरवर चक्क तेच स्टेशन बोलत होतं. निवेदिका सांगत होती, सूर्यावर हल्ली डाग फार कमी आहेत. असं झालं की सोळा मीटरच्या लहरी आकाशातून खाली परतत नाहीत, वरच निघून जातात. दर दहा-अकरा वर्षांनी हे व्हायचंच, तेव्हा तोच कार्यक्रम आता संध्याकाळी एक्केचाळीस मीटरवर ऐका. मला रडूच कोसळलं. आळ माझ्यावर, आणि चोर रोज सकाळी त्यांच्याच डोक्यावर उगवत होता!

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी बाबा मला घेऊन टेमघरला गेले. सासऱ्यांनी मला अंगणातच थांबवलं. मी खिडकीतून ओरडले, "एक्केचाळीसवर न्या काटा!"

स्टेशन लागलं. गाणं झालं, नावं सुरू झाली आणि त्यात दीरांचं नाव आलं. सासूबाई पदरात तोंड घालून रडायला लागल्या.

"बघितलंत ना, व्याही?" बाबा म्हणाले. "पोरीचा काय दोष न्हाय. सगलं सूर्याचं हाय."

"मंग येऊ दे की तिला आत," सासरे म्हणाले.

मी उंबऱ्याच्या आत पाय ठेवला आणि आवाज बुडाला. लांबचं स्टेशन असंच असतं, आवाज जातो नि येतो. दोन घटका दम धरला असता तर मी आत असतानाही तो आला असता. पण दम धरणार कोण?

"पाय काढ!" सासरे ओरडले.

मी पाय मागं घेतला. आवाज परत आला, आधीपेक्षा स्वच्छ.

गाणं संपायच्या आत सासूबाईंनी माझी ट्रंक अंगणात आणून ठेवली. बाबांनी ती उचलली. नवरा आतच होता, तार धरून. वर्षभरात काडीमोड झाली.

पुढं काही वर्षांनी सूर्यावर डाग परत आले आणि त्याच सुमारास नवऱ्यानं दुसरी बायको केली. ती आली आणि सोळा मीटरवर भर दुपारी स्टेशन खणखणीत लागलं. सासऱ्यांनी आळीत पेढे वाटले. लक्ष्मीचा पायगुण, म्हणे! मी हसले, मग दिवसभर जेवले नाही.

तिच्यावर माझा राग नव्हता. टेमघरच्या एका बाईबरोबर मी तिला निरोप धाडला : "दहा वर्षांत काय ते पाय रोवून घे, बाय. सूर्य पुन्हा थंड व्हायचा हाय."