डोंगरावरच्या घराची समक्ष पाहणी

“समक्ष पाहणी केली असता” या चार शब्दांनी माझा प्रत्येक अहवाल सुरू होतो. मी बांधकाम परवानगीच्या खात्यात अभियंता आहे. कुणी घर बांधायचं किंवा नुसतं दुरुस्त करायचं म्हटलं, की आमच्यापैकी एकजण जागेवर जाऊन बघून येतो आणि अहवाल लिहितो. वरचे साहेब त्या अहवालावर सही करतात, जागा ते बघत नाहीत. म्हणजे मी लिहीन ते खरं. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

मी पैसे खात नाही. कधीच खाल्ले नाहीत. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत शेजाऱ्यानं गॅलरी बंद करून खोली वाढवली, तेव्हा त्याला जिन्यात थांबवून मी नियम ऐकवले होते. त्यानंतर तो लिफ्टनं जायला लागला. पैसे खाल्ले नाहीत म्हणजे पाप केलं नाही, असा माझा सरळ समज होता. आता तो आठवला तरी लाज वाटते.

शहराच्या हद्दीत नव्यानं आलेल्या एका गावामागं डोंगर आहे. तिथे नवं बांधकाम करायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. डोंगर एकदा फोडला की पुन्हा सांधता येत नाही. सवलत एकच होती. डोंगरावरचं जुनं घर, त्यात माणसं राहत असतील, तर आहे त्याच जोत्यावर, आहे त्याच उंचीचं दुरुस्त करता येई. माणसं राहत नसतील तर नाही. कारण लोक तिथले पडके गोठे विकत घेत आणि दुरुस्तीच्या नावाखाली बंगले उठवत. असा एक बंगला आमच्या नाकावर टिच्चून उभा राहिला होता, आणि तेव्हापासून मी डोंगरावरच्या प्रत्येक अर्जाकडे संशयानं बघत होते.

त्या वर्षी चैत्रात एका मावशींचा अर्ज आला. साठी उलटलेली बाई, अंगठ्याऐवजी सही करता येते याचा अभिमान असलेली. डोंगराच्या मध्यावर त्यांचं दगडी घर, नवऱ्याच्या आजानं बांधलेलं. त्याचं आढं, म्हणजे कौलांचा सगळा भार पेलणारं मधलं लाकूड, कुजलं होतं. पावसाच्या आत ते बदलायचं, एवढंच मागणं.

“कवा येनार बगायला?” त्यांनी विचारलं.

“आम्ही सांगून येत नसतो, मावशी.”

“न सांगता या. म्होरलं दार लावल्यालं असलं तर मागनं या. पानी हाय तिथं.”

ते वाक्य मी ऐकलं आणि कागद लावता लावता सोडून दिलं.

पाहणीला गेले तो दिवस वैशाखातला. दुपारचे अडीच. चार वाजता मुलीला क्लासवरून आणायचं होतं. पायात नव्या चपला होत्या, आणि वर जायला नुसती पायवाट. डोंगराखालच्या टपरीवर मी चहा घेतला. घर तिथून दिसत होतं. मी मोबाइलमधून ते जवळ ओढून पाहिलं. दाराला कुलूप, अंगणात कुणी नाही.

“वर कोण राहतं का हो?” मी टपरीवाल्याला विचारलं.

“काय म्हाईत. सदानकदा कुलूपच दिसतंय.”

मी फोटो काढला. पंधरा मिनिटांची चढण होती, पण ती मी चढले नाही. परतताना सिग्नलला थांबले असताना वाक्यसुद्धा मनात तयार झालं: “समक्ष पाहणी केली असता सदर घर कुलूपबंद व विनावापर आढळले.” आता फोटोवर जागेचा ठावठिकाणा आपोआप उमटतो, तेव्हा उमटत नसे. मुलीला मी वेळेवर आणलं.

अर्ज नाकारला गेला. मावशींनी सुनावणी मागितली. साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो: साहेब, मी आणि मावशी. साहेब माणूस वाईट नव्हे, फक्त कागदाबाहेर बघायची त्यांना सवय नव्हती.

“या मॅडम तुमच्या घरी येऊन गेल्या,” साहेब म्हणाले. “घरात कुणी राहत नाही असं त्यांनी लिहिलंय.”

मावशींनी तोंड उघडलं, काहीतरी सांगायला सुरुवातही केली. मग थांबून त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या.

“तुमी आल्ता व्हय, बाई? मग आमच्यातलं पानी पिला का न्हाई?”

साहेब माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बाई माझी परीक्षा घेतेय, आणि परीक्षेत मी कधी नापास झालेले नाही.

“प्यायले ना,” मी म्हणाले. “रांजणातलं. गार होतं.”

रांजण हा माझा अंदाज. डोंगरावरच्या घरात दुसरं काय असणार! मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर सारखा करून म्हणाल्या, “बरं.”

“आणखी काही सांगायचंय?” साहेबांनी विचारलं.

“न्हाई.”

त्या गेल्यावर साहेब मला म्हणाले, “नक्की ना हो?” मी जरा दुखावल्याचा चेहरा केला. तेवढं पुरलं. आयुष्यभर पैसे न खाल्ल्याची ती कमाई होती, आणि मी ती अशी वापरली.

यानंतर मला झोप लागली नाही वगैरे म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. मी छान झोपले. फक्त ते “बरं” अधूनमधून आठवे. आठवलं की मी स्वतःला डोंगराचं महत्त्व समजावून सांगे.

आषाढात पाऊस लागून राहिला होता. कामासाठी त्याच रस्त्यानं जाताना माझी नजर वर गेली. त्या घराच्या कौलांवर निळी ताडपत्री पसरलेली होती. कडांना दगड ठेवलेले. मी गाडी बाजूला घेतली. ओसाड घरावर ताडपत्री कोण टाकतं? इतकं साधं कळायला मला अभियंता असून दोन महिने लागले.

मी चढले. पायवाट घराच्या पुढे न जाता मागून वर जाते, डोंगरमाथ्यावरच्या देवळाकडे. आणि घराच्या मागच्या दाराशीच, वाटेला लागून, रांजण होता. तोंडावर लाकडी झाकण, झाकणावर पालथा पितळी पेला. पण मी रांजणापर्यंत पोचायच्या आतच हाक आली.

“कोन हाय? या, पानी घ्या. भरल्यालं हाय.”

मागचं दार सताड उघडं होतं. दारालगत खाटेवर एक म्हातारे गृहस्थ पडून होते. अर्धं अंग लुळं, पण आवाज खणखणीत. त्यांच्या डोक्यावर ताडपत्री फडफडत होती आणि पायाशी एका पातेल्यात पाणी ठिबकत होतं. मी कोण, हे त्यांनी विचारलंच नाही. वाटेनं चढणारा प्रत्येकजण त्यांच्या लेखी देवळाला जाणारा. येणाऱ्याला पाणी घ्या म्हणायचं आणि दोन शब्द बोलायचे, घराण्याची ही चालत आलेली रीत. खाटेवर आल्यापासून तेवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं.

“मंडळी मंडईला गेलीया भाजी घिऊन,” ते म्हणाले. “म्होरलं दार लावून जाती. मला उठाय येत न्हाई ना. हे मागलं उगडं ठिवती, येनाऱ्या-जानाऱ्याशी बोलाया.”

मी पेला हातात धरून उभी होते. या रांजणाचं पाणी प्यायलेला माणूस या म्हाताऱ्याशी बोलल्याशिवाय जाऊच शकत नव्हता. “पाणी प्यायले” म्हणाले त्या क्षणी मावशींना सगळं कळलं होतं.

“घर गळतंय, बाबा,” मी कसंबसं म्हणाले.

“गळनारच. परवानगी न्हाई मिळाली.” ते जरा थांबले. “चूक माजीच हाय. हापिसातल्या बाई येऊन गेल्या म्हनं उन्हाळ्यात. पानीबी पिल्या म्हनं. मला दिसल्याच न्हाईत. माजाच डोळा लागला आसंल. आवाज दिला आसता तर त्यास्नी कळलं आसतं, घरात मानूस हाय म्हून. झोपलो आन् घर घालवलं.”

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पेला पालथा घातला आणि उतरले. पाणी प्यायलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला. खरा लिहिला असं म्हणायचा मोह होतो, पण नाही. “फेरपाहणी केली असता सदर घरात सध्या वास्तव्य असल्याचे दिसून आले.” सध्या! जणू मधल्या काळात कुणी राहायला आलं होतं. पहिला अहवाल खोटा होता, हे मी कुठेही लिहिलं नाही. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

“मॅडम, दोन महिन्यांत घराला माणसं फुटली का?”

त्यांनी पुढे काही विचारलं नाही, सही केली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं, आणि मी सांभाळून घेऊ दिलं.

परवानगीचा कागद पोस्टानं जातो. तो मी स्वतः घेऊन गेले. या वेळी मावशी घरी होत्या, मागच्या अंगणात मेथीच्या जुड्या बांधत. मला बघून त्या उठल्या, पेला विसळला, रांजणातून भरून पुढे केला. मी तो सगळा प्यायले. मग कागद दिला. त्यांनी तो अक्षरांवर बोट ठेवून दोनदा वाचला, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला.

“मावशी, त्या दिवशी मी आले नव्हते.”

“ठावं हाय.”

“मग साहेबांसमोर बोलला का नाहीत?”

“पान्यावरनं भांडायचं व्हय? तुमी पिले म्हनला. सायबाम्होरं बाईमानसाला खोटं कसं पाडू?” त्यांनी पुन्हा जुडी हातात घेतली. “आन् वाटलं, घरी गेल्याव तुमचं तुमालाच लागंल. याल दोन दिसात. वाट बगितली.”

दोन दिवस नव्हे, दोन महिने झाले होते.

“मला काय सांगताय?” त्या हळूच म्हणाल्या आणि मानेनं दाराकडे खूण केली. “त्यास्नी सांगा. खरं काय त्ये मी न्हाई सांगितलं. तुमचं नाव कशाला घालवू? पन तेंव्हाधरनं दुपारचं डोळं मिटत न्हाईत ते. बसत्यात जागं.”

खाटेपाशी जमिनीवर मी बसले. आत ओल्या भिंतींचा वास होता. एवढं साधं वाक्य, पण ते तोंडातून निघेना. शेवटी मी खाली मान घालून म्हणाले, “बाबा, ऑफिसातली ती बाई मीच. त्या दिवशी मी वर आलेच नव्हते. खालूनच फोटो काढून गेले. पाणी प्यायले म्हणून सांगितलं, ते खोटं.”

मी शिव्यांची वाट बघत होते. त्या मला हव्याच होत्या. त्यांनी चांगला हात लांबवून खाटेची कड धरली आणि बाहेर बसलेल्या बायकोला हाक मारली.

“आगं ए, ऐकलंस का? मी जागाच व्हतो.”