पापडांची राखण

जळगावात शेजारच्या काकूंकडे आज उडदाचे पापड लाटताहेत. पापडखाराचा वास जिन्यापर्यंत आला आणि मला दोंडाईच्याची ती गच्ची आठवली.

तेव्हा मी चौथीत होते. वर्गमैत्रिणीकडे गल्लीतल्या बायका पापड लाटायला जमल्या होत्या. मीही लाटणं उचललं. तिच्या आईने ते हसत काढून घेतलं.

“तू नको लाटू, बेटा. तू हुशार शे ना? वर जाऊन कावळे हाकल.”

दुपारभर मी उन्हात काठी घेऊन उभी राहिले. एकाही पापडाला चोच लागू दिली नाही. खाली मुली पिठाच्या लाट्या तेलात बुडवून खात होत्या. त्यांचं हसणं वर ऐकू येत होतं.

घरी आईला अभिमानाने सांगितलं, मला सगळ्यांत मोठं काम दिलं. तिने विचारलं, “पापडाला हात लावलास?”

“नाही. लावू नको म्हणाल्या.”

माझे पोळलेले तळपाय तिने ओल्या फडक्याने पुसले. आम्ही बौद्ध, हे त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्याचा अर्थ फक्त मला माहीत नव्हता.

“ये गं, लाटणं घे,” काकू दारातून हाक मारतात. माझं आडनाव त्यांनी अजून विचारलेलं नाही.

“मला नीट येत नाही, काकू,” मी म्हणते. “मी वर कावळे हाकलते.”