शेकता कुठं?

माझ्या आईची कंबर थंडीने आखडते, हे तेवीस वर्षे तिच्याबरोबर एका घरात राहून मला का कळले नाही, आणि वत्सलाताईंना ते एका सकाळीच कसे कळले? ताईंना साठ वर्षे पूर्ण होत असताना निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे असे कळवण्यात आले, तेव्हा पहिल्यांदा हाच प्रश्न मनात आला, आणि त्याच्या मागोमाग हेवा. ताईंविषयी मला जितका आदर आहे तितकाच त्यांचा हेवाही वाटतो. तो लपवून लिहिले असते तर लेख छान झाला असता, पण खरा झाला नसता.

आमचे घर सानगडीजवळच्या एका तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आहे. आम्ही मासेमारी करणारी माणसे. घरात पहिली पदवी माझी. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन मी बी.एस्सी. झाले. शेवटच्या वर्षी मी बॅटरीवर गरम होणारे जॅकेट करायला घेतले. हिवाळ्यात तलावात उतरणाऱ्या बायका बाहेर आल्यावर कोरडे लुगडे नेसतात आणि तशाच थंडीत बाजारात मासे विकायला बसतात. त्यांच्यासाठी काही करावे असे मला मनापासून वाटत होते. वायरी मी जोडल्या. शिवायला ताईंकडे गेले.

ताईंचा जन्म विणकराच्या घरातला. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास त्यांनी सानगडीत शिवणवर्ग काढला, तो आजही चालतो. मी गेले तेव्हा त्या एका मुलीचे चुकलेले काज उसवत होत्या. त्यांनी माझ्याजवळचा जॅकेटच्या बेतणीचा कागद हातात घेतला.

"कोनासाठी हाय?"

"आईसाठी."

"आईचं माप आनलं?"

"माप कशाला? हा तयार नकाशा आहे, इंटरनेटवरचा."

ताईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "हा त गडीमानसाच्या छातीचा घेर होय. भागरथाबाई पोलीस भरतीत जाऊन राहिल्या का?"

भागरथाबाई म्हणजे माझी आई. वर्गातल्या मुली हसल्या. माझे कान तापले. मी म्हणाले, "ताई, यामागे शास्त्र आहे. आहे तसंच शिवा." त्यांनी आहे तसेच शिवले, एक टाकाही इकडचा तिकडे केला नाही. मला वाटले, त्यांना पटले. आज कळते की मी ऐकणार नाही हे त्यांनी ओळखले होते, आणि माझी चूक माझ्या हातून हिरावून घ्यायची नाही असे ठरवले होते.

आईने ते जॅकेट घालून एक बाजार केला. बटण छातीवर होते आणि त्यात लाल दिवा लागत असे. शेजारी बसणाऱ्या सखूमावशीने दुरूनच ओरडून विचारले, "अवो भागरथा, अँबुलन्स कोनासाठी आनली वं?" बॅटरी डाव्या खिशात होती, तिच्या वजनाने जॅकेट एका अंगाला ओघळत होते. आई उकिडवी बसली की पाठीवरची गरम पट्टी वर सरकून मानेखाली जात होती. आणि खवल्यांनी माखलेल्या हाताने, गिऱ्हाईक समोर उभे असताना, छातीवरचे बटण कोणती बाई दाबेल?

घरी येऊन आईने ते खुंटीला टांगले. "बी.एस्सी. झाली पोरगी, पर बाईमानसाचं बटन कुठं लावावं हे नाही शिकवलं तुले कोनी."

मी चिडले. खरे तर मी आधी घरोघरी फिरून बायकांना विचारले होते. वहीत प्रश्न लिहून नेले होते. पहिलाच प्रश्न होता, थंडी लागते का? एकूण एक बाईने सांगितले होते, नाही लागत. आई तर रागावली होती, "मले काहून थंडी लागंल? मी का म्हातारी झाली?" ते उत्तर मी खरे धरले. आमच्यात थंडी लागते म्हणणाऱ्या बाईला पुढच्या हिवाळ्यापासून पाण्यात नेत नाहीत, जाळ्यावरची तिची जागा दुसरीला जाते, हे मला माहीत होते. त्याच घरात वाढलेली मी. तरी त्या 'नाही'चा अर्थ मला लागला नाही.

ताई त्यानंतर एका पहाटे स्वतःहून पाळीवर आल्या. वही नाही, काही नाही. बायका पाण्यातून निघून लुगडी बदलेपर्यंत त्या जाळी झटकू लागल्या. मग त्यांच्यात बसून सहज विचारले, "घरी गेल्यावर चुलीपाशी बसता तवा पहिले काय शेकता वं? शेकता कुठं?"

सगळ्या एकदम बोलू लागल्या. "कंबर!" "माहे त मनगट, बापा, मूठ नाही वळत." "ओटीपोट म्हन, लाजतं काहून?" सखूमावशीने तर जागेवरच पाठ फिरवून दाखवली. आणि माझी आई, जिला कधीच थंडी लागत नव्हती, ती हळूच म्हणाली, "मी त भिंतीकडं तोंड करून बसतो ताई, चुलीकडं पाठ करून. कंबर सैल झाल्याबिगर उठताच येत नाही."

आई रोज तशी बसायची. मी रोज बघायची. मला वाटायचे, धूर डोळ्यांत जातो म्हणून ती पाठ करून बसते.

त्या सकाळी मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. प्रश्न इतका सोपा होता आणि तो माझा नव्हता.

ताईंनी कात्री हातात घेतली ती आईचे माप घेऊनच, आणि तेही उकिडवे बसवून. त्यांचे जॅकेट आखूड आहे, पदराच्या आत राहते. गरम पट्ट्या कंबरेवर, ओटीपोटावर आणि मनगटांवर आहेत. आतून हातमागाचे मऊ कापड आहे. बॅटरी कुठे ठेवायची यावर आमचे दोन दिवस वाद झाले. शेवटी ताईंनी आईच्या कंबरेची पानसुपारीची चंची मागून घेतली आणि तशीच एक चंची बॅटरीसाठी शिवली. बाईचा हात दिवसातून दहादा चंचीत जातो, कोणी बघत नाही. बटण तिच्या आत. लाल दिवा काढून टाकायला ताईंनी सांगितला, तेव्हा चालू झाल्याचे कसे कळणार, असे मी विचारले. "ते शास्त्र तुझं," त्या म्हणाल्या. मी चंचीत बारीक थरथरणारी मोटर बसवली, मोबाइलमध्ये असते तशी. एकदा थरथरले की कमी, दोनदा थरथरले की जास्त. या जॅकेटमध्ये माझे म्हणावे असे एवढेच आहे, आणि त्या वायरी.

पहिले जॅकेट ताईंनी आठ दिवस स्वतः घातले. "पोळली त माझी कंबर पोळू दे, गिऱ्हाईकाची नको." पुढे वर्गातल्या मुली विकण्यासाठी जॅकेटे शिवू लागल्या. एका खेपेला एका वायरीचा जोड जरासा जास्त तापला, तर त्या खेपेतली सगळी जॅकेटे त्यांनी उसवायला लावली. मुली कुरकुरल्या. ताई स्वतः आधी उसवायला बसल्या. आज वरठीला कारखान्यात गाडीवर जाणाऱ्या बायकाही ते घालतात, आणि तुमसरकडून मागणी आली की ताई अजून विचारतात, "बसून काम करतात का उभ्यानं?"

घरी आई दिवसभर "ताई म्हणतात" असे बोलते. मरळ शिजली की डोक्याकडचा तुकडा लहानपणापासून माझा होता. आता तो डब्यात बसून सानगडीला जातो. मी बोलून दाखवले तर आई म्हणाली, "तुले मास्याचाही मत्सर येते का वं?" आला होता. ताईंनी एकदा तो डबा तसाच परत पाठवला, 'पोरीला द्या' असा निरोप देऊन. त्याने तर माझा मत्सर वाढलाच.

आता जे लिहायचे आहे ते लिहिते. जॅकेटच्या रचनेची नोंदणी करायची होती. अर्ज इंग्रजीत होता. ताई म्हणाल्या, "तूच भर, तुले येते." त्यात एक रकाना रचनाकाराच्या नावाचा होता आणि त्याखाली शिक्षणाचा. मी तिथे माझे नाव लिहिले आणि खाली बी.एस्सी. लिहिले. ताईंनी माझ्या नावावर बोट ठेवून विचारले, "हे काय होय?" मी म्हणाले, "वर्गाचा पत्ता आहे." त्यांनी सही केली.

काही महिन्यांनी भंडाऱ्याला एका कार्यक्रमात जॅकेटची रचनाकार म्हणून माझे नाव पुकारले गेले. मी व्यासपीठावर गेले. खाली ताई टाळ्या वाजवत होत्या, सगळ्यांत जास्त वेळ. परतताना बसमध्ये खिडकीची जागा त्यांनी मला दिली आणि एवढेच म्हणाल्या, "भागरथाबाईले किती बरं वाटंल आज." त्या रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्यांना सगळे कळले होते की काहीच नाही, हे मी आजपर्यंत विचारू शकले नाही. माणूस इतका मोठा असू शकतो याचाही मला त्या बसमध्ये हेवा वाटला.

वत्सलाताईंना खूप आयुष्य लाभो. त्यांची नजर सुईच्या नेढ्यात दोरा ओवण्याइतकी तीक्ष्ण राहो, त्यांच्या कंबरेला कधी शेकायची वेळ न येवो, आणि आमच्यासारख्यांना सरळ प्रश्न विचारायला त्या पुढची कितीतरी वर्षे पाळीवर येवोत, ही आपणा सर्वांच्या वतीने माझी इच्छा.

हा लेख लिहायला बसण्याआधी मी नोंदणी कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज दिला. रचनाकाराच्या रकान्यात वत्सलाताईंचे नाव लिहिले, शिक्षणाच्या रकान्यात सातवी उत्तीर्ण. माझे नाव वायर जोडणीत टाकले. आईला आधी सांगितले होते. ती म्हणाली, "म्हंजे नाव काढून राहिली का तू तुझं?"

"नाही," मी म्हणाले, "जिथलं तिथं ठेवून राहिली."

अर्जाची पोच माझ्याकडे आहे. ताईंना मी अजून सांगितलेले नाही. त्यांना ते या पानावर कळेल.